शंभर कोटी, जामीन आणि घरकुल : एक खुलासा

दोन दिवसांपासून जळगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'सुरेशदादांचा शंभर कोटींचा घरकुल घोटाळा, हायकोर्टानं 2022 मध्ये निर्दोष सोडलं.' खाली हात जोडलेले, वर फटाके. सुरेशदादा म्हणजे जळगावचे माजी आमदार, माजी मंत्री सुरेश जैन; घरकुल म्हणजे तिथल्या पालिकेची गरिबांसाठी घरं बांधायची योजना. गंमत म्हणजे दादांचे विरोधक पहिलं अर्धं वाक्य उचलतात नि समर्थक दुसरं. दोन्ही चुकीचं.

शंभर कोटी हा दंड. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद आणि हा दंड सुनावला. घोटाळ्याची रक्कम सुमारे 29 कोटी. एकूण 48 जण दोषी ठरले, माजी मंत्री गुलाबराव देवकरही त्यात. म्हणजे 'एकट्या दादांना अडकवलं' हेही जमत नाही.

आता 'निर्दोष'. 30 नोव्हेंबर 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानं दिला तो जामीन. जामीन म्हणजे अपील चालू असताना बाहेर राहायची मुभा. शिक्षेचा निकाल त्यानं पुसला जात नाही. आपल्याकडे माणूस तुरुंगातून बाहेर आला की सुटला, असंच धरतात.

आणि फिर्याद कोणत्या पक्षानं नाही, महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये दिली होती. दादांना अटक मात्र झाली मार्च 2012 ला. 1980 पासून ज्यांच्या शब्दावर शहर हलायचं, ते 2014 ची विधानसभा तुरुंगातून लढले अन् पडले.

मेसेज पुढे ढकललेल्यांनी निदान 'निर्दोष' तरी खोडावं.