मॅट गाडी ‘कशीही धुवा, काही होत नाही’: त्या मेसेजला उत्तर

मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, रंगाच्या गाड्यांबद्दलचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. सूर असा, की मॅटची उगाच भीती घातली जाते. खाली दावे दिलेत. मॅटवर वरचा पारदर्शक थर नसतोच, त्यामुळे खराब व्हायला काही नसतं. ओरखडा टूथपेस्टने किंवा हलक्या पॉलिशने जातो. अधूनमधून वॅक्सचा हात द्या. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये बिनधास्त घाला, मॅटवर चरे दिसत नाहीत. पक्ष्यांची घाण पुढच्या धुण्यापर्यंत राहिली तरी चालते. साबण कुठलाही वापरा, ‘मॅट’ लिहिलेले शाम्पू म्हणजे लुबाडणूक.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण यातला एक सल्ला असा आहे की एका रविवारी मनापासून पाळला तर सोमवारी बोनेट रंगवायला टाकावं लागेल. दीडएक मुद्दा मात्र बरोबर आहे, तोही सांगतोच.

‘मॅटवर क्लिअर कोट नसतो’

असतो. कारखान्यातून मॅट रंगात येणाऱ्या आजच्या गाड्यांवर खाली रंगाचा बेस कोट आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर, अशीच रचना असते. चकचकीत गाडीवरही हीच. फरक क्लिअर कोटच्या आत आहे. त्यात चमक कमी करणारे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात, बहुतेक वेळा सिलिकाचे. थर वाळताना आकसतो आणि या कणांमुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल भाग तयार होतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवतो, म्हणून चकचकीत दारात आपला चेहरा दिसतो. मॅटवर तोच प्रकाश दहा दिशांना विखुरतो.

ही चमक मोजताही येते. ग्लॉसमीटर ठरावीक कोनातून, गाड्यांसाठी बहुधा 60 अंशांतून, प्रकाश टाकतो आणि किती परत आला ते मोजतो. 1.567 अपवर्तनांकाची घोटलेली काळी काच म्हणजे 100, असं हे माप. चकचकीत गाडीचा आकडा 90 च्या आसपास जातो, मॅटचा बहुधा 30 च्या आत राहतो. रंगाचा डबा दोन्हीकडे अगदी एकच असू शकतो.

म्हणजे मॅटपणा ही रंगाची छटा नाही आणि थराचा अभावही नाही, तो पृष्ठभागाचा आकार आहे. संपूर्ण क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ, आणि हा आकार त्याच्याही अगदी वरच्या कातळीत. तो बिघडवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत: उंचवटे घासून सपाट करणे आणि खळगे भरून टाकणे. मेसेजमधला एक सल्ला पहिलं काम करतो, दुसरा दुसरं.

(क्लिअर कोट नसलेले एकथरी मॅट रंगही असतात, हौसेने रंगवलेल्या गाड्यांवर ते दिसतात. पण त्यांच्यावर काही संरक्षणच नसतं, म्हणजे जपायला ते आणखी कठीण. मेसेजने यातून नेमका उलटा निष्कर्ष काढला आहे.)

‘ओरखडा टूथपेस्टने जातो’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबू.

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत पूड असते, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ते एक सौम्य कंपाउंडच (रंग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) झालं. चकचकीत गाडीवर कंपाउंड काय करतं? ओरखडा भरून काढत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट अगदी थोडा झिजवतं, इतका की ओरखड्याच्या धारदार कडा उरत नाहीत आणि प्रकाश पुन्हा सरळ परततो. उथळ ओरखडा त्यामुळे ‘जातो’. आजूबाजूचं सगळं आधीच गुळगुळीत असल्यामुळे तिथे ही युक्ती चालते.

मॅटवर आजूबाजूचं सगळं मुद्दाम खडबडीत ठेवलेलं आहे. तिथे टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासलं की आधी उंचवटे जातात. तळहाताएवढा चकाकता डाग उठतो आणि ओरखडा खोल असेल तर त्या डागाच्या मधोमध तो तसाच राहतो. आधी जो जवळ जाऊन शोधावा लागत होता, तो आता रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

मग तो चकाकता भाग पुन्हा ‘मॅट करता’ येईल का? बारीक पॉलिश पेपरने किंवा स्क्रबरने घासून पाहणारे असतात. त्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, नाही असं नाही, पण त्याला घासल्याच्या दिशेच्या रेघा येतात. मूळचा पोत कुठल्याच दिशेला झुकलेला नसतो. उन्हात गाडीभोवती एक फेरी मारली की फरक उघडा पडतो. पांढरा ‘जादूचा’ स्पंज, म्हणजे मेलामाइनचा फेस, हासुद्धा अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखाच वागतो. भिंतीवरचे डाग तो ज्या कारणाने काढतो, त्याच कारणाने मॅटवर चमक आणतो. क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, तोही त्याच रांगेत.

उरतं एकच, ते पॅनेल (दार, बोनेट असा एक सलग भाग) रंगवणं. तेही अख्खं, कडेपासून कडेपर्यंत. चकचकीत गाडीवर रंगारी फक्त बिघडलेल्या जागी रंग मारतो, नवा क्लिअर कोट जुन्यात विरवतो आणि जोड पॉलिश करून दिसेनासा करतो. मॅटवर त्या जोडाला पॉलिश लावता येत नाही, म्हणून जोडच नको. शिवाय मॅटची नेमकी चमक थराची जाडी, स्प्रे गनचा दाब, थिनर आणि वाळतानाचं तापमान यांवर ठरते. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला तर चकचकीत गाडीवर तो घासून काढता येतो. इथे तीही सोय नाही, पॅनेल पुन्हा. चांगला रंगारी आधी चाचणीच्या कार्डावर रंग मारून, वाळवून, शेजारच्या पॅनेलला लावून बघतो आणि मगच गन उचलतो. जो असं काही न करता ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घेतलेली बरी.

थोडक्यात, मॅटवर बारीक ओरखडा आला तर तो आहे तसा सोडणं हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणा उपाय असतो. अतिशय खोल गेला असेल, खालचा पत्रा उघडा पडला असेल, तर गंज येऊ नये म्हणून मॅट टच-अपचा अगदी छोटा ठिपका द्या. तो दिसणार, हे धरून चाला.

‘अधूनमधून वॅक्सचा हात द्या’

हा दुसरा मार्ग, खळगे भरण्याचा. कार्नौबा वॅक्स त्या सूक्ष्म दऱ्यांमध्ये बसतो, कुठे जास्त, कुठे कमी. परिणाम म्हणजे ढगाळ, तेलकट चट्टे. चमक वाढवणारे स्प्रे आणि ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेले शाम्पूही थोडंफार हेच करतात.

मात्र वॅक्सचं पाप धुता येतं, पॉलिशचं नाही. पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पॅनेल वाइप (पत्र्यावरचा तेलकटपणा काढणारा द्रव) मायक्रोफायबर कापडावर घ्यायचं, आधी एका कोपऱ्यात करून बघायचं, मग न दाबता टिपायचं, कापड वरचेवर बदलत. एका फेरीत जात नाही. चिडून जोर लावला की आपण पुन्हा वरच्या मुद्द्यात येऊन पडतो.

मॅटला संरक्षण नको, असं मात्र कुणी समजू नये. मॅटसाठी बनवलेले सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग मिळतात. ते इतके पातळ बसतात की खालचा चढउतार तसाच राहतो. पाणी आणि घाण चिकटत नाही, धुताना कमी घासावं लागतं. मॅटच्या बाबतीत ‘कमी घासावं लागणं’ हाच मोठा फायदा.

‘ऑटोमॅटिक वॉशमध्ये बिनधास्त घाला, चरे दिसत नाहीत’

इथे तो अर्धा मुद्दा. चकचकीत काळ्या गाडीवर उन्हात जी कोळिष्टकासारखी गोल चऱ्यांची जाळी दिसते, ती मॅटवर खरंच फारशी दिसत नाही, कारण प्रकाश आधीच विखुरलेला असतो. पण त्यावरून चरे पडत नाहीत असं ठरत नाही. फिरते ब्रश पुन्हा पुन्हा त्याच जागी घासतात, वर आधीच्या गाडीची माती त्यांच्यात असते. दरवाज्यांच्या कडा, आरशांचे उंच भाग, चाकांवरच्या कमानी इथे हळूहळू चमक चढते. एका धुण्यात काहीच कळत नाही, म्हणून तर लोक ‘आम्हाला काही झालं नाही’ असं खाली लिहितात. शेवटी गरम वॅक्सचा फवारा असलेला प्रोग्रॅम लागला तर त्याचे चट्टे वेगळेच. ब्रश नसलेल्या वॉशमध्ये घासणं टळतं, पण तिथे ती कसर जालीम रसायनांनी भरून काढतात. नाइलाजाने कधी एकदा ठीक.

मर्सिडीज-बेंझ ‘मॅग्नो’ आणि बीएमडब्ल्यू ‘फ्रोझन’ या नावांनी असे फिनिश देतात. मॅट फिनिशच्या गाडीबरोबर येणाऱ्या मॅन्युअलमध्ये काळजीचं वेगळं पान असतं. फॉरवर्ड वाचायच्या आधी ते वाचायला हवं. त्यातला गाभा साधा आहे: हाताने धुवा, पॉलिश नको, वॅक्स नको.

‘कुठलाही साबण चालतो, मॅट शाम्पू म्हणजे लुबाडणूक’

बाटलीवर ‘मॅट’ छापलेलं असलंच पाहिजे असं नाही, हे मान्य. हा तो एक बरोबर मुद्दा. शाम्पू उदासीन पीएचचा असावा आणि त्यात वॅक्स किंवा चमक आणणारं काही नसावं, एवढं पुरे. पण ‘कुठलाही’ मध्ये भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडरही येते. भांड्यांच्या साबणाबद्दलची भीती थोडी फुगवलेली आहे. एकदा वापरला म्हणून रंग उतरत नाही आणि चमकही येत नाही. तो वर लावलेलं सीलंट मात्र लवकर झिजवू शकतो, आणि गाडीच्या शाम्पूत जो बुळबुळीतपणा असतो, ज्यावरून मातीचा कण न ओरबाडता घसरतो, तो त्यात कमी पडतो. कपड्यांच्या पावडरीचं तर नावच नको. ती तीव्र अल्कधर्मी, आणि न विरघळलेले दाणे रंगावर फिरतात ते वेगळंच.

साबणापेक्षा हात महत्त्वाचा. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवा. आधी नुसत्या पाण्याने सुटी माती जाऊ द्या, प्रेशर वॉशर असेल तर हातभर लांबून. मग फेस टाकून थोडा वेळ थांबा. दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली, सरळ रेषेत, नुसतं वजन पडेल इतक्याच दाबाने. दाराखालच्या पट्ट्या आणि बंपरचा तळ सगळ्यात शेवटी, वेगळ्या हातमोजाने. कोरडं करताना टॉवेल ओढू नका, अंथरा आणि उचला. ब्लोअर असेल तर आणखी छान.

पाणी अंगावर वाळू देऊ नका. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पांढऱ्या वर्तुळांच्या रूपात मागे राहतं, आणि चकचकीत गाडीवर हे डाग हटले नाहीत तर पॉलिश हा जो शेवटचा उपाय असतो, तो इथे नाही.

‘पक्ष्यांची घाण राहिली तरी चालते’

चालत नाही, आणि मॅटवर तर चकचकीतपेक्षाही कमी. त्यात यूरिक अॅसिड असतं. उन्हाने पत्रा तापला की क्लिअर कोट किंचित मऊ होतो, वरची घाण वाळून आकसते आणि खालच्या थरावर तिचा ठसा उमटतो. असा ठसा चकचकीत रंगावर पुष्कळदा घासून घालवता येतो. मॅटवर तो कायमचा. मेलेले किडे आणि झाडाचा चीक यांचंही तेच, पेट्रोल भरताना झाकणाखाली सांडलेल्या थेंबांचंही.

म्हणून डिकीत एक बाटली पाणी आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. ओलं कापड घाणीवर काही मिनिटं नुसतं ठेवायचं, ती भिजून फुगली की उचलून घ्यायची. पुसायचं नाही. त्यात कधीकधी बियांचे आणि वाळूचे कण असतात, ते फिरवले की झालंच काम. दाराच्या हँडलभोवती हाताच्या तेलाचे डाग दिसतात, ते शाम्पूने जातात. फक्त महिनोन्‌महिने साचू देऊ नका.

राहता राहिले ते व्हिडिओ, जे या मेसेजसोबत पुरावा म्हणून येतात: कुणीतरी मॅट गाडीवर किल्ली ओढतो, गरम पाणी टाकतो आणि रेघ नाहीशी होते. ती गाडी मॅट रंगाची नाही. तिच्यावर मॅट पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) आहे, पॉलियुरेथेनची 150 ते 200 मायक्रॉनची फिल्म, जिच्या वरच्या थराला उष्णता मिळाली की उथळ चरे भरून येतात. कारखान्यातल्या मॅट क्लिअर कोटवर तो प्रयोग कराल तर रेघ तिथेच राहील, पाणी किती का उकळेना. मॅट व्हिनाइल रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, हा आणखी तिसरा प्रकार. तिन्ही लांबून सारखेच दिसतात, म्हणून सल्ला घेण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघा. दार उघडून कडेच्या आतल्या बाजूला किंवा बोनेटच्या कडेला फिल्मची धार लागते का, दाराच्या चौकटीतला रंग चकचकीत आहे का, ते तपासा. फिल्म आहे असं निघालं तर पॉलिश आणि वॅक्स तिच्यावरही नकोच, पण ती पॅनेलपुरती उतरवून बदलता येते. धुण्याच्या बाकी सूचना बसवणाऱ्याला विचारा, विशेषतः प्रेशर वॉशर कडांपासून किती लांब धरायचा ते. चुकीच्या कोनातून मारलेलं पाणी आधी कडच उचलतं.