टाच मोकळी असली तरी नडगी अडकलेलीच असते

टेलीमार्क स्कीइंग, म्हणजे बुटाचा फक्त चवडा स्कीला जोडून, टाच मोकळी ठेवून आणि गुडघा वाकवून वळण्याचा प्रकार, करणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "या प्रकारात टाच मोकळीच असते, पडलात तरी पायाला काही होत नाही. सुटणारं बाइंडिंग टाच जखडून घेणाऱ्या अल्पाइनवाल्यांना लागतं. सोंद्रे नॉरहाइमच्या काळापासून कुणाला त्याची गरज पडली नाही. शिवाय ते भर वळणात सुटतं, त्याला डीआयएन प्रमाणपत्र नसतं, आणि हिमस्खलनाच्या उतारावर स्की पायात राहिलेलीच बरी." (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, सुटणारं बाइंडिंग पडताना बूट सोडून देतं. अल्पाइन म्हणजे टाचही जखडलेलं नेहमीचं उतारावरचं स्कीइंग. नॉरहाइम हा एकोणिसाव्या शतकातला नॉर्वेचा स्कीपटू. डीआयएन म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटावं याचं मानक.) नवे शिकणारे हे वाचून बाइंडिंग निवडताहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर लिहितोय.

सगळा डोलारा पहिल्या वाक्यावर उभा आहे, तेव्हा आधी तेच घेऊ. पडताना नडगीवर मुख्यतः दोन तऱ्हांनी भार येतो. एक, शरीर पुढे झुकतं आणि बुटाच्या काठावर हाड वाकतं. दोन, स्की एकीकडे आणि शरीर दुसरीकडे वळून हाडाला पीळ बसतो. मोकळी टाच पहिल्या प्रकारात बऱ्यापैकी मदत करते, हे मान्य. दुसऱ्यात तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

खात्री करायची तर घरीच करून बघा. बूट बाइंडिंगमध्ये अडकवा आणि स्की कुणालातरी टेबलावर घट्ट दाबून धरायला सांगा. टाच वर उचला, सहज उचलली जाते. आता टाच खाली टेकवा, बुटाचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरा आणि बरणीचं झाकण फिरवतो तसा बूट फिरवा. टाच बोटभर कडेला सरकते, तळवा किंचित पिळतो आणि तिथेच सगळं अडतं. आणखी जोर लावलात तर बुटाबरोबर स्कीच फिरू लागते, आणि धरणाऱ्याला ती आवरत नाही. चवडा पकडलेला आहे तोवर पिळाला दुसरी वाट नाही.

त्यात स्की म्हणजे लांबलचक तरफ. बुटापासून टोक ९० सेंटीमीटरवर असेल आणि तिथे कडेने १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका जोर लागला, तर पायावर ९० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. तीन फुटी पान्याच्या टोकाला दहा किलोचं ओझं टांगायचं आणि नटाच्या जागी आपली नडगी धरायची, असा तो हिशेब आहे. त्यासाठी वेगही लागत नाही. मी ज्या पडण्यात गुडघा दुखावून घेतला, ते इतकं संथ होतं की पडता पडता विचार करायला वेळ मिळाला. जड, ओल्या बर्फात डाव्या स्कीचं टोक वरच्या कडक थराखाली घुसलं आणि अंग मात्र उताराकडे वळत राहिलं. टाच छान वर उचलली गेली. पीळ गुडघ्यात गेला. माझं बाइंडिंग न सुटणारं होतं आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

इतिहासही हेच सांगतो. यालमार ह्वाम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत गेलेला स्कीपटू. १९३७ मध्ये पाय मोडल्यावर त्याने सेफ-स्की नावाचं सुटणारं बाइंडिंग बनवलं. त्यात सुटायचा तो पुढचा भाग, चवड्याला धरणारा. म्हणजे सुटण्याची गोष्ट सुरू झाली तीच पिळापासून. टाचेचं कुलूप उघडणं हा वेगळा प्रश्न आहे. टेलीमार्कने तो प्रश्न टाळला म्हणून पिळाचा प्रश्न सुटत नाही.

नॉरहाइमचा दाखला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. टेलीमार्क प्रांतातल्या मोर्गेदालचा हा माणूस (१८२५ ते १८९७) झाडाच्या लवचीक फांद्या पिळून टाचेमागून बांधायचा. पायात मऊ चामडं. त्या जोडणीत पाय बुटातल्या बुटात फिरायचा, पिळाचा बराचसा भाग चामडंच गिळून टाकायचं. पुढे १९२७ मध्ये रोतेफेला हे चवडा पकडणारं बाइंडिंग आलं, पण बूट तेव्हाही चामड्याचे होते. १९९२ मध्ये स्कार्पा कंपनीने टर्मिनेटर हा प्लास्टिकचा टेलीमार्क बूट आणला आणि २००७ मध्ये एनटीएन ही बूट-बाइंडिंगची नवी पद्धत आली, जिच्यात बुटाला मधल्या भागात खालूनही पकड मिळते. घोट्याला आधार मिळाला, स्कीवर ताबा आला, जड आणि रुंद स्की वळवता येऊ लागल्या. पण पायाकडून स्कीकडे जोर जितका चोख जातो, तितकाच चोख तो स्कीकडून पायाकडे परतही येतो. जुन्या जोडणीला लागू पडणारा दिलासा या बुटांना लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

"भर वळणात सुटतं" या तक्रारीत तथ्य आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. टेलीमार्क वळणात मागच्या पायाचा तळवा चवड्याशी वाकतो, स्प्रिंगा ताणल्या जातात आणि बाइंडिंगवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. अल्पाइनमध्ये तळवा कडक आणि स्थिर असतो, म्हणून सुटण्याचा आकडा पक्का ठेवता येतो. इथे ते अवघड जातं. यावर जुना आणि मला आजही पटणारा उपाय म्हणजे कामाची वाटणी: पूर्ण बाइंडिंग एका पट्टीवर बसवायचं आणि ती पट्टीच स्कीवरून कडेला सुटू द्यायची. वाकण्याचा ताण पट्टीच्या वरच राहतो, पट्टीच्या खाली मुख्यतः पीळ मोजला जातो. वजन वाढतं, पाय स्कीपासून उंच जातो. ती किंमत आहेच. काही नव्या रचनांत चवड्याला दोन बाजूंनी धरणाऱ्या पिनाच स्प्रिंगच्या जोरावर उघडतात. वारंवार सुटत असेल तर बहुतेक वेळा ताण चुकीचा लावलेला असतो किंवा तळव्याखाली बर्फ साचलेला असतो.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर, अल्पाइनचं आयएसओ ९४६२ आणि टूरिंगचं (स्कीवरच डोंगर चढून मग उतरण्याच्या प्रकाराचं) आयएसओ १३९९२ ही मानकं कडक तळव्याचा बूट धरून लिहिलेली आहेत. वाकणारा बूट त्या चाचणीत बसतच नाही. त्यामुळे टेलीमार्क बाइंडिंगवरच्या आकड्यावर अल्पाइनइतका भरवसा ठेवू नये, इतकंच सिद्ध होतं. अजिबात न सुटणारं बाइंडिंग त्याहून सुरक्षित कसं ठरतं, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

हिमस्खलनाचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. वाहत्या बर्फात पायातली स्की नांगरासारखी माणसाला खाली ओढते. म्हणून अशा उतारावर जाणकार लोक स्की पायाला बांधून ठेवणारे पट्टेसुद्धा काढून ठेवतात. जिथे स्की निसटली तर कड्यावरून खाली जाल अशा अरुंद जागी हिशेब वेगळा, पण तो त्या जागेपुरता.

सुटणारं बाइंडिंग घेतलं की गुडघा वाचलाच, असंही मी म्हणणार नाही. अल्पाइनमध्ये सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगी मोडण्याचं प्रमाण खूप घटलं, गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती मात्र तशा घटल्या नाहीत. आणि सुटणाऱ्या बाइंडिंगला ब्रेक हवाच, नाहीतर सुटलेली स्की खालच्या माणसावर जाते.

ज्यांच्याकडे असं बाइंडिंग आहे त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला बूट घालून, उभं राहून, दोन्ही पाय दोन्ही बाजूंना हळू पिळून ते सोडवून बघावं. एका बाजूला सुटतं आणि दुसऱ्या बाजूला अडतं, असं आढळलं तर त्या दिवशी त्यावर उतरू नये.