‘नैसर्गिक आहे, बिनधास्त घ्या’ : अमिनो आम्लांबद्दलचा हा सल्ला ऐकू नका

आरोग्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. उदासी, थकवा आणि सारखी भूक ही सगळी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात ते घटक, कमी पडल्याची लक्षणं. मूडसाठी ५-एचटीपी आणि तरतरीसाठी टायरोसिन या अमिनो आम्लांच्या कॅप्सूल घ्या, डिप्रेशनच्या गोळ्या सोडून द्या. हे अन्नातलेच घटक, म्हणून अपाय शून्य, असं त्यात म्हटलंय. शेवटच्या दाव्यावर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास बसतो, म्हणून आधी तोच घेऊ.

शरीर ज्यापासून ५-एचटीपी बनवतं ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल डाळीतून, दुधातून मिळतं हे खरं. पण जेवणातून आलेल्या ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरताना इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. पुढे त्याचं ५-एचटीपी किती बनवायचं, हे शरीर एका एन्झाइमद्वारे आवरतं. कॅप्सूलमधलं ५-एचटीपी बहुधा ग्रिफोनिया या आफ्रिकी वनस्पतीच्या बियांपासून काढलेलं असतं आणि ते हा लगाम ओलांडूनच शरीरात येतं. वरणभाताशी त्याची तुलना होऊच शकत नाही.

अपाय शून्य म्हणणाऱ्यांनी १९८९ साल आठवावं. अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणारे १,५०० हून अधिक लोक आजारी पडले: स्नायूंत असह्य वेदना, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या. त्यांतले किमान ३७ जण दगावले. बहुतेक गोळ्यांचा माग जपानच्या शोवा डेन्को या एकाच कंपनीच्या मालापर्यंत लागला आणि निर्मितीतल्या अशुद्धीवर मुख्य संशय गेला. रेणू निसर्गातला असला तरी डबीतली पावडर कारखान्यातच तयार होते.

‘डिप्रेशनच्या गोळ्या सोडा’ हे वाचून मला खरोखर भीती वाटते. एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन अशी डिप्रेशनवरची औषधं अचानक बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात आणि आजारही उलटू शकतो. गोळ्या चालू ठेवून वर ५-एचटीपी घेतलं, तर ५-एचटीपीपासून शरीरात बनणारं सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. घाम, थरथर, जुलाब, धडधड, ताप, स्नायू ताठरणं, भ्रम ही त्याची लक्षणं, आणि ती जिवावर बेतू शकतात. वेदनेसाठी दिलेलं ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन यांच्याबरोबरही हा धोका आहे. हे किती घरांत माहीत असेल?

मग उपयोग काहीच नाही का? तसंही नाही. ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीवरच्या १०८ चाचण्या कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी तपासल्या. त्यांतल्या फक्त दोन पुरेशा दर्जाच्या निघाल्या, दोन्ही मिळून ६४ रुग्णांच्या. परिणाम आशादायक होता, पण एवढ्याशा पुराव्यावर चालू उपचार सोडायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

टायरोसिनचा थोडा फायदा कडाक्याची थंडी किंवा जागरण अशा ताणात दिसलाय. रोजचा थकवा ही वेगळी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असलेल्यांनी (हायपरथायरॉइडिझम) आणि एमएओ इनहिबिटर या गटाची डिप्रेशन किंवा पार्किन्सनवरची औषधं घेणाऱ्यांनी तर टायरोसिन परस्पर सुरू करूच नये.

भुकेबद्दल थोडक्यात: ५-एचटीपीने खाणं कमी झाल्याचे अभ्यास आहेत, पण ते छोटे आहेत आणि त्यांत मळमळही बरीच दिसली.

तरीही घ्यायचंच असेल, तर डॉक्टरांना चालू औषधांची पूर्ण यादी दाखवा, आयुर्वेदिक आणि खोकल्याचीही. एका वेळी एकच पूरक, कमी मात्रेत सुरू करा. गरोदरपणात, बाळाला अंगावर पाजताना किंवा बायपोलर आजार असेल तर आपल्या मनाने काहीही घेऊ नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर कॅप्सूल शोधत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.