मांजरीची राखण

औंदा आमच्या कोठ्यात उंदरांनी सरकी ढेपेचे कट्टे असे कुरतडले, की कट्टा उचलावा तर ढेप जागेवरच राहायची आणि हातात नुसतं बारदान यायचं. औषध टाकणार होतो, पण आईने अडवलं. आमची आधीची मांजर औषध खाल्लेला उंदीर खाऊनच गेली होती. म्हणून पाहुण्यांकडून एक कबरी थैलीत घालून आणली.

आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. १९७३ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यात आपला मेळघाट, म्हणून शाळेत छाती फुगायची. मांजर आल्यापासून ती फुगलेली छाती बसली. बिबट गावात येतो तो कुत्र्यासाठी, पण वाटेत मांजर सापडली तर तो काय उपास धरणार आहे? वरून कोल्हे, गावातली पाचसहा कुत्री, आणि चिंचेवरचं घुबड, जे कबरीकडे मान फिरवून फिरवून पाहायचं.

शेजारच्या काकांचं मत, "उपाशी ठेव तिले, तवा उंदरं मारते." दोन दिवस ठेवली. तिने काकांच्याच घरचं दूध मारलं. तेव्हापासून दिवस मावळला की कोठ्यात दूध-भाकर ठेवतो, ती आत आली की कडी लावतो. आड्याखाली एक फळी ठोकली, कुत्रं शिरलंच तर वर चढायला. उंदीर ती पोट भरलेलं असतानाही मारते. नोकरीपेक्षा तो छंदच आहे तिचा.

दाराला मांजरीपुरतं भोक पाडलं, ही मात्र चूक झाली. मांजर मावते तिथून बोकाही मावतो, आणि बोका पिल्लं मारतो. हे मला पिल्लं झाल्यावर आठवलं. मग भोकाला पाटा लावला आणि मी काठी, टॉर्च घेऊन कोठ्याबाहेर बाज टाकली. पहाटे काका लोटा घेऊन निघाले, मला पाहून थबकले.

"अबे, उंदरं मारायले मांजर आणली, का मांजर राखायले तू?"

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. कबरीने कुटाराचा ढीग, बैलगाडीखालचं पोतं, चुलीमागची जागा, धान्याची कोठी, आईची पेटी, देव्हाऱ्याखालचा कोनाडा असं सगळं पाहून घेतलं, आणि सातवी पसंत केली ती आमची नवी कापसाची गादी. चार पिल्लं, बरोबर माझ्या बाजूला.

मी हात पुढे केला. ती गुरगुरली. बायकोही गुरगुरली.

"ओल्या बाळंतिणीले कायले हलवता? तुमची बाज हाय ना कोठ्यापाशी."

बाहेर थंडी, म्हणून बाज आत ओढली. मध्यरात्री एक उंदीर माझ्या पोटावरून गेला. मी हळूच "म्यांव" केलं. तो थांबला, वळून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि सावकाश ढेपेकडे निघून गेला.