दूरस्थ विद्यार्थ्याला आणखी दूर कसे न्यावे

ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. दोन मंजुऱ्या, एक कॅमेरावाला आणि एक शाल एवढ्या भांडवलावर हे काम निभतं. विद्यार्थी लागतो, नाही असं नाही. पण नोंदणीचा आकडा वर कळवला की त्याचं काम संपलं.

सगळी मदार पहिल्या व्हिडिओवर असते. तो पाऊण तासाचा असावा, कारण वर्गातला तास तेवढाच असतो आणि आपल्याला दुसरं माप ठाऊक नाही. सुरुवात सरस्वतीपूजनाने करा. मग दीपप्रज्वलन, पंख्याच्या वाऱ्याने वात विझली, काडेपेटीची शोधाशोध झाली, तर तेही राहू द्या, जिवंतपणा येतो. पाठोपाठ प्राचार्यांचं मनोगत आणि विषयतज्ज्ञांचा परिचय, त्यांच्या सगळ्या पदव्यांसह. एवढं झाल्यावर तज्ज्ञांनी घसा खाकरावा आणि म्हणावं, "वेळेअभावी थोडक्यात सांगतो."

2014 साली काही संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांबवा, बघणारा साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, असं त्यांना आढळलं. वर, महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा आपल्या टेबलाशी बसून मोकळेपणी बोलणारा मास्तर लोकांना जास्त धरून ठेवतो, असंही ते म्हणाले. या संशोधनाचा उल्लेख प्रस्तावात अवश्य करा, संदर्भसूची भारदस्त दिसते. पाळायचं कारण नाही. त्या बिचाऱ्यांनी आपले सत्कार कुठे पाहिलेत?

स्लाइडवर परिच्छेदच्या परिच्छेद चिकटवा आणि ते शब्दन् शब्द वाचून दाखवा. वाचनसाहित्य म्हणून 2009 च्या नोट्स आडव्या स्कॅन करून चढवा. टाइप केलेला मजकूर द्यायचाच असेल, तर युनिकोडच्या नादी न लागता जुन्या फॉन्टमधली वर्डची फाइल द्या. फोनवर उघडली की मराठीच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंस यांची रांगोळी उमटते. विद्यार्थ्याला वाटतं विषय अवघड आहे. वाटू द्या.

आपला विद्यार्थी कोण, हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलं आणि तो एसटीचा कंडक्टर निघाला तर? त्याची मुक्कामाची गाडी रात्री साडेनऊला गावात लागते आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी सुटते. दिवसाचा हिशेब जुळवून, पैशांची बॅग उशाशी घेऊन तो मागच्या सीटवर आडवा होतो आणि फोन काढतो. रेंज खिडकीशी धरली तर दोन काड्या, मांडीवर घेतली तर शून्य. दीड जीबीतला डेटा दुपारीच निम्मा झालेला. एवढं कळलं की तुमचा हात नको तिथे थरथरायला लागेल. व्हिडिओचे तुकडे करावेत, नुसता आवाज वेगळा द्यावा, असले विचार मनात येतील. त्यापेक्षा व्हिडिओ पुढे सरकवायची सोयच बंद करून टाका. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून, दीपप्रज्वलनासकट.

2017 साली सुरू झालेल्या 'स्वयम'ने, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाने, अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवून दिलेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन. त्यातला चर्चामंच तुम्हाला फुकटात पडतो, कारण तो विद्यार्थीच भरतात. "गुड मॉर्निंग सर", "छान माहिती सर", "लिंक ओपन होत नाही सर". यांच्यामध्ये एखादी बाई विचारते, "मिठाचा भाव दुप्पट झाला तरी आम्ही तेवढंच घेतो, मग मागणीची लवचिकता इथे किती धरायची?" हा प्रश्न धोकादायक आहे, तिला विषय समजत चाललाय. अकरा दिवस थांबा आणि लिहा, "कृपया घटक 2 पाहावा. – समन्वयक."

चाचणीत सर्व प्रश्नांना 'वरीलपैकी सर्व' हाच पर्याय बरोबर ठेवा. मुदत रविवारी रात्री बाराला संपवा. साडेअकराला सर्व्हर झोपतो, त्यात आपला दोष नाही.

जुन्या लोकांचं ऐकायला जाऊ नका. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी 1971 साली शिकायला लागले, तेव्हा विज्ञानवाल्यांना प्रयोगाचं सामान घरपोच जायचं, त्यात छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा. शिक्षक गृहपाठावर शेरे लिहून तो टपालाने परत करत. आपल्या नाशिकला 1989 साली मुक्त विद्यापीठ निघालं, त्याची स्वयंअध्ययन पुस्तकंही तशीच: थोडं सांगायचं, लगेच प्रश्न विचारायचा, उत्तर ताडून पाहायला मागे सोय. कागदावर छापलेलं पुस्तक विद्यार्थ्याशी बोलत होतं. आता आपल्याकडे कॅमेरा आहे. बोलायची गरज उरलेली नाही.

गोडी लावायची काळजी तर सोडूनच द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करायची मुभा दिली आहे. श्रेयांक मिळतात म्हटल्यावर पोरं व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवतील आणि शेजारी क्रिकेट बघतील. तुमच्या अहवालात ते 'पाहिला' असंच नोंदलं जाईल.

राहिला अभिप्राय. तो अर्ज अगदी शेवटी, प्रमाणपत्राच्या दारात ठेवा. भरल्याशिवाय प्रमाणपत्र उतरणार नाही, आणि 'उत्तम'च्या खाली 'अत्युत्तम' एवढेच दोन पर्याय द्या. कंडक्टर तिसऱ्या व्हिडिओला गळाला, मिठाचं विचारणारी बाई अकरा दिवसांत कंटाळली. दोघांना हा अर्ज दिसतच नाही. समाधान शंभर टक्के भरतं. आकडा मोठ्या टायपात छापा, पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाला जोडा, आणि शाल जपून ठेवा, दुसऱ्या सत्राच्या चित्रीकरणाला तीच चालते.