रिक्लायनर भिंतीला टेकवून ठेवली तर काय बिघडतं?

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. बसलेल्या माणसाला उठवून उभं करणारी विजेवरची रिक्लायनर घरात कुठे ठेवावी यावरचा माझा लेख मोठ्या घरांसाठीच आहे, असं तुम्ही म्हणता. तुमची खोली लहान आहे. खुर्ची ‘वॉल हगर’, म्हणजे भिंतीजवळ ठेवता येईल अशा बनावटीची आहे, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. वडील कित्येक महिने वापरताहेत आणि काही झालेलं नाही. उलट असले लेख वाचून वयस्कर माणसं खुर्चीला घाबरतात.

घाबरण्याबद्दल आधी बोलते, कारण ते मला लागलं. ही खुर्ची घरात यावी याच मताची मी आहे. काखेत हात घालून ओढून उठवलं की म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि उठवणाऱ्याची कंबर धरते. त्यापेक्षा बटण दाबून स्वतःचं स्वतः उठता येणं किती मोठी गोष्ट आहे! म्हणूनच ती कुठे ठेवतो याला मी इतकं महत्त्व देते.

आता वॉल हगर. साध्या रिक्लायनरची पाठ सरळ मागे जाते, तिला मागे ४५ ते ६० सेंटीमीटर जागा लागू शकते. वॉल हगरची बैठक पाठ कलताना पुढे सरकते, म्हणून तिला मागे साधारण १० ते १५ सेंटीमीटर पुरतात. नेमका आकडा तुमच्या खुर्चीच्या माहितीपुस्तिकेत असेल, तोच खरा धरा. पण अंतर कमी लागतं म्हणजे अजिबात लागत नाही असं नाही. टेकवलेल्या खुर्चीची पाठ भिंतीवर घासते, मोटर जोर लावत राहते आणि मग भिंतीचा रेटा खुर्चीलाच पुढे ढकलतो. ही झाली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की वॉल हगरने मागची वाचवलेली जागा पुढे खर्ची पडते. पाय पूर्ण लांब केल्यावर ती साध्या खुर्चीपेक्षा पुढे जास्त येते. म्हणजे तुमच्या खोलीत खरा प्रश्न भिंतीचा नाही, समोर काय ठेवलं आहे याचा आहे.

माझ्या लेखात चारी बाजूंच्या अंतरांबद्दल वाचून तुम्ही वैतागलात, ते समजू शकते. लहान खोलीत चारी बाजू सांभाळता येत नाहीत. पण तडजोड करायचीच असेल तर ती बाजूंना करा, पुढे मात्र नको. खुर्ची वर उचलली जाते तेव्हा बसलेला माणूस पुढे झुकलेला असतो, वजन पावलांवर येत असतं आणि वॉकर अजून हातात आलेला नसतो. त्या क्षणी पावलांखाली सरकणारं पायपुसणं असेल किंवा गुडघ्यांसमोर टीपॉय असेल, तर खुर्ची कितीही महाग असली तरी उपयोग नाही. वॉकर हाताच्या अंतरावर हवा, पण उठताना धरायचे ते खुर्चीचे हात. वॉकर ओढून उठू पाहिलं तर तो उलटतो.

‘आजवर काही झालं नाही’ याबद्दल. खुर्ची एकाच जागी राहते, वडिलांची तब्येत रोज एकसारखी राहत नाही. ताप येतो, रक्तदाबाची गोळी बदलते, सकाळी सांधे जास्त आखडलेले असतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरणं ही वयस्कर माणसांत नेहमी आढळणारी तक्रार आहे. बराच वेळ पाय वर करून पडल्यावर एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून खुर्ची अर्ध्यावर थांबवून दोन्ही तळवे जमिनीला टेकले आहेत ना ते बघायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग पुढे. चक्कर आलीच तर माणूस परत मागे बसतो, आणि तेव्हा गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकली तर तो थेट खाली आपटतो. तिला अडवण्याचं काम भिंतीवर सोपवू नका, पायांखाली रबरी वाट्या बसवा. उंची वाढवायला विटा किंवा लाकडाचे तुकडे तर कधीच नकोत.

लहान खोलीसाठी एक उपाय म्हणजे खुर्ची कोपऱ्यात तिरकी ठेवणं. तसं केलंत तर अंतर पाठीच्या मधोमध मोजू नका, पाठीची दोन्ही टोकं आधी भिंतीला लागतात. तोंड शक्यतो दाराकडे हवं, म्हणजे उभं राहिल्यावर संडासाकडे जाताना वळावं लागत नाही. बरेच तोल वळतानाच जातात. पक्षाघाताने एक बाजू अधू असेल तर रिमोट, पाणी आणि दिव्याचं बटण धडधाकट हाताच्या बाजूला ठेवा.

वायरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत ती बहुतेक वेळा यंत्रणेखाली किंवा पाठीमागे चेपलेली असते. ती एकदा ओढून बघाच. गालिच्याखालून नेलेली असेल तर काढा, तिथे ती झिजते आणि तापली तर कळत नाही. बऱ्याच खुर्च्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज गेल्यावर खुर्ची सरळ करण्यापुरत्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांची सोय असते, पण कित्येकदा तो कप्पा रिकामाच असतो.

घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर पाय ठेवायची फळी खाली घेण्याआधी दर वेळी वाकून बघायचं. तिथे अडकून जीव जाऊ शकतो. हे वाचून कोणी घाबरलं तरी मी ते वगळणार नाही.

आता एक करा. वडील बसलेले नसताना खुर्ची आधी पूर्ण आडवी आणि मग पूर्ण वर न्या, आणि दोन्ही वेळा तिचं पुढचं टोक जमिनीवर खडूने आखा. त्या रेषांपुढे किती जागा उरते आणि वडील वॉकर वापरतात की काठी, ते इथे कळवा. खोलीची लांबी-रुंदी आणि दार कुठे आहे तेही लिहा. मांडणी आपण मिळून ठरवू.