सपाट वाट, सोपी वाट? नदीकाठच्या धावण्याविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

थंडीची चाहूल लागली की आमच्या निफाड-नाशिक भागातील धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नेमाने फिरू लागतो. घाट आणि डांबरी रस्ते सोडून नदीकाठच्या, पाणथळीच्या सपाट वाटा धरा, असा त्याचा सल्ला असतो. अशा वाटेवर गुडघे झिजत नाहीत, माती मऊ असल्याने दुखापत होत नाही, चढ नसल्याने वेळ आपोआप सुधारते, वाहने नसल्याने पहाटेच्या अंधारातही कानात गाणी लावून निर्धास्त धावता येते आणि पक्ष्यांना माणसांची सवय झालेली असल्याने त्यांनाही उपद्रव होत नाही, अशी पाच कारणे त्यात दिलेली असतात. उदाहरण म्हणून गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरचा परिसर सुचवलेला असतो. याच परिसरात मी अनेक हिवाळे धावत आलो आहे आणि पुढेही धावणार आहे, म्हणूनच या पाच कारणांची तपासणी करावीशी वाटली.

पहिले कारण गुडघ्यांचे. धावण्याने गुडघे झिजतात हे गृहीतच मुळात तपासायला हवे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गुडघा आणि खुबा यांच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, तर बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळले होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांचे आकडे वेगळे आहेत, पण हा संदेश त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. पाऊल टेकताना बसणारा हादरा उतारावर वाढतो आणि चढावर कमी होतो, हे खरे आहे. सपाटीवर तो मधल्या प्रमाणात बसतो, पण प्रत्येक पावलाला तंतोतंत तसाच बसतो. मिनिटाला १७० पावले टाकणारा माणूस तासाभरात दहा हजारांहून अधिक पावले टाकतो आणि सपाटीवर ती सगळी त्याच स्नायूंवर, त्याच कोनात पडतात. चढउताराच्या रस्त्यावर हा भार पोटरी, मांडी आणि कंबर यांच्यात आलटून पालटून वाटला जातो.

शिवाय बांधावरची किंवा कालव्याच्या कडेची वाट लांबीत सपाट असली तरी रुंदीत क्वचितच सपाट असते. पावसाचे पाणी उतरून जावे म्हणून किंवा नुसत्या वापराने ती एका अंगाला कललेली असते. गेलेल्या वाटेने परत येणाऱ्याच्या बाबतीत हा कल दोन्ही पायांना सारखा वाटून मिळतो, पण जलाशयाला प्रदक्षिणा घातल्यासारखी गोल फेरी मारणाऱ्याचा एकच पाय शेवटपर्यंत खालच्या बाजूला राहतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागली की आमच्याकडे बुटांना दोष देण्याची पद्धत आहे. वाटेचा कल मात्र कोणी पाहत नाही.

मऊ मातीचा मुद्दा ज्याने लिहिला, त्याने निफाडची काळी माती पायाखाली घेतली असेल असे वाटत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओली असताना ती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटत जाते, शे-दीडशे पावलांत प्रत्येक बूट विटेएवढा जड होतो आणि तळाची नक्षी बुजल्याने पकड संपते. वाळल्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खापरासारख्या कडक होतात. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गवत वाढते आणि धावणारा साहजिकच त्या गवतावर चढतो, कारण तेच दिसायला मऊ असते. एका जानेवारीत असाच चढलो असताना गवताखालच्या भेगेत माझा उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. भेग चार बोटे रुंद होती आणि वरून तिचा मागमूस नव्हता. पुढचे सहा आठवडे धावणे बंद होते.

खरोखर मऊ असलेल्या जमिनीचाही हिशेब संदेशात दिसतो तितका सरळ नाही. जमीन जितकी मऊ, तितका आपला पाय नकळत अधिक ताठ होतो, त्यामुळे मऊपणाचा संपूर्ण फायदा सांध्यांना मिळतोच असे नाही. वाळूवर धावताना कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते, असे प्रयोगांत मोजले गेले आहे. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर धावून पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तिथे टाच रुतते आणि सगळा ताण टाचेमागच्या शिरेवर येतो.

वेळ सुधारण्याच्या मुद्द्याला संदेशात एक जोरकस दाखला दिलेला आहे: केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे नदीकाठच्या सपाट मार्गावर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर पार केले. ही घटना खरी आहे आणि तो जिथे धावला ते प्राटर उद्यान डॅन्यूब नदीच्या जुन्या पूरमैदानात आहे हेही खरे. परंतु तो मार्ग डांबरी होता, दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या रांगा होत्या, वारा अडवण्यासाठी वेगवान धावपटूंची तुकडी ठराविक रचनेत त्याच्याभोवती धावत होती, पुढच्या मोटारीतून रस्त्यावर प्रकाशरेषा टाकली जात होती आणि याच साहाय्यामुळे ती वेळ अधिकृत विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. सपाटीबरोबर येणारी वाऱ्याची अडचण दूर करण्यासाठी त्या दिवशी इतका खटाटोप केला गेला, आणि संदेशाने त्यातून केवळ सपाटी उचलली.

पाणथळीच्या काठावर वाऱ्याला आडोसा नसतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या, म्हणजे हवेच्या तुलनेत आपल्या वेगाच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्याला समोरून तितक्याच वेगाचा वारा लागला, तर विरोध निवांत हवेच्या चौपट होतो. परतताना तोच वारा पाठीशी असला की विरोध शून्यावर येतो. चार आणि शून्य यांची सरासरी दोन, म्हणजे जाऊन येऊन हवेशी दुप्पट झुंज द्यावी लागली. जाताना गेलेले येताना परत मिळत नाही. याच्या उलट बाजूचे उदाहरण २०११ च्या बोस्टन मॅरेथॉनचे आहे. चढांसाठी बदनाम असलेल्या त्या मार्गावर जेफ्री मुताई याने २ तास ३ मिनिटे २ सेकंद अशी तोवरची सर्वांत वेगवान वेळ दिली, कारण त्या दिवशी बराचसा वारा पाठीमागून होता. मार्गाचा एकूण उतार आणि आरंभ-शेवटातील अंतर नियमात बसत नसल्याने तीही विक्रम ठरली नाही. आमच्याकडे हिवाळ्यात भल्या सकाळी हवा बहुधा पडलेली असते आणि ऊन चढू लागले की वारा सुटतो, त्यामुळे वेळ लावून धावायचे असेल तर ते लवकर उरकावे, एवढे संदेशाच्या बाजूने मान्य करतो.

मात्र लवकर म्हणजे अंधारात नव्हे, आणि चौथा मुद्दा मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो तो इथेच. निफाड तालुका उसाचा आहे आणि उसात बिबटे राहतात, पिल्लेही तिथेच वाढवतात. तोडणी सुरू झाली की त्यांचा आडोसा कमी होतो आणि ते फडातून फडात जाऊ लागतात. हा काळ नेमका आपल्या धावण्याच्या हंगामावर येतो. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेवर अंधारात, एकट्याने आणि कान बंद करून धावण्याचा सल्ला देणाऱ्याने गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला आधी विचारायला हवे होते. रात्रपाळीत पाणी भरायला जाणारा माणूस हातात बॅटरी आणि काठी घेतो, सोबती शोधतो, मोबाइलवर मोठ्याने भजन लावतो. तो गाणे लावतो ते बिबट्याला ऐकू जावे म्हणून, आणि आपण लावतो ते आपल्याला बाहेरचे काही ऐकू येऊ नये म्हणून.

धुक्याचे आणि पाण्याचेही तेच. दाट धुक्यात कालव्याची कड दहा पावलांवर दिसत नाही. सिंचनाचे आवर्तन सुटले की कालवा काठोकाठ वाहतो, अस्तर केलेल्या भागाच्या निसरड्या उतारावरून पडलेल्या माणसाला बाहेर येणे पट्टीचा पोहणारा असूनही कठीण जाते. पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की सखल वाटा पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठच्या चांदोरी-सायखेडा गावांत पाणी शिरले होते, त्यापुढे काठावरच्या पायवाटेची काय कथा.

राहिला पक्ष्यांचा मुद्दा. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आणि ते अभयारण्यही आहे. त्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नियम लागू होतात, म्हणून वन विभागाला विचारल्याशिवाय तिथे धावण्याचा मार्ग आखता येत नाही. सवयीचे म्हणाल, तर काठावरचे वारकरी (चांदवा) पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या माणसाला काहीशा सरावलेल्या असतात. हिवाळी पाहुणी बदके तशी नसतात. चालणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करणारा तलवार बदकांचा थवा थेट धावत येणाऱ्या माणसाला पाहून उठतो, आणि असा प्रत्येक उठाव म्हणजे लांबच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीतून केलेला खर्च असतो. टिटवी तर उन्हाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या खडीतच अंडी घालते. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, टोके आत करून ठेवलेली. तीन हातांवरूनही ती खडीहून वेगळी ओळखता येत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की आम्ही थांबतो, ती कुठून उठली तो अंदाज घेतो आणि बांध सोडून खालच्या शेतवाटेने वळसा घालतो. मार्चपासून माझी फेरी त्यामुळे सातशे मीटरने लांबते.